शेवटच्या रांगेतून पाठ टेकलेली दिसली पाहिजे

कुस्तीचा निकाल जमिनीवर लागतो. गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यावर कुणी विचार करत नाही, पण मैदान बांधणाऱ्याची खरी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. व्याख्यान, कीर्तन, गाणं यांत चेहरा आणि हात दिसले की प्रेक्षकाचं भागतं. मंच चार फूट उंच केला की झालं. कुस्तीत मात्र खाली गेलेल्या गड्याचे दोन्ही खांदे मातीला लागले की नाही, एवढ्यावर सगळं असतं, आणि तो क्षण पापणी लवेपर्यंत निघून जातो. पुढच्या माणसाच्या फेट्याआड तो गेला, तर मागच्याने दुपारपासून उन्हात बसून पाहिलं काय? बरं, आखाडाच ओट्यावर चढवावा, तर ओट्याच्या कडेमुळे जवळच्यांना माती दिसेनाशी होते आणि झटापटीत गडी काठावरून खाली जायची भीती. उरतात दोन मार्ग. आखाडा खाली न्या, नाहीतर माणसं वर चढवा.

आमच्या केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या आसपासच्या गावांत, जत्रेच्या कुस्त्यांना माणसं हा प्रश्न स्वतःच सोडवतात. गुढीपाडव्याच्या पुढेमागे ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतलेल्या असतात, हातात उचल फिटून उरलेले चार पैसे असतात, आणि चैत्रातल्या जत्रा सुरू होतात. नांगरून ढेकळं फोडलेला एखादा तुकडा, त्यावर मारलेलं पाणी, एका बाजूला हलगीवाले. पहिली रांग मांडी घालून बसते. तिच्यामागची उकिडवी. मग उभी माणसं. त्यांच्यामागे मोटारसायकलच्या सीटवर उभी राहिलेली पोरं, त्यांच्यामागे ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि सगळ्यात मागे शाळेची गच्ची नाहीतर लिंबाची फांदी. कुणी सांगितलेलं नसतं, पण तासाभरात सपाट रानात माणसांची खोलगट बशी तयार झालेली असते. रेवड्यांच्या कुस्त्या सुरू असतात तोवर ती ढिली असते. इनामाची शेवटची जोड लागली की घट्ट होते. मग पंच काठी घेऊन पुढच्यांना मागे सारतो, पुढचे दोन पावलं सरकतात आणि तीन पावलं परत येतात.

हीच बशी एका राजाने दगडमातीत कायमची बांधली, आणि तिच्या काठाला पाठ लावून एक नाट्यगृहही उभं केलं. कोल्हापूरचं खासबाग मैदान आणि त्याच्या पाठीचं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. मध्यम आकाराच्या शहराला खेळ आणि संगीत दोन्हींसाठी एक जागा हवी असेल तर ती कशी असावी, या आज फार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं जुनं आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात शहाणं उत्तर तेच आहे.

कोल्हापूर आमच्या भागाला दोन रस्त्यांनी ठाऊक आहे. एक कोयत्याचा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या ट्रकमध्ये संसार भरून निघालेली कुटुंबं सांगली, कोल्हापूर, पलीकडे कर्नाटकात जातात. दुसरा रस्ता तालमीचा. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले आणि १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढे त्यांनी पुण्यात पोरं घडवली. त्यांतलाच एक आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. आधी बिराजदारांच्या आणि नंतर काका पवारांच्या हाताखाली तयार होऊन त्याने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण मिळवलं आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. मराठवाड्यातल्या पैलवानाची वाट इतकी वर्षं घाटाखाली उतरूनच पुढे गेली आहे. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं इथल्या खेड्यांतल्या पोरांना पाठ असतात.

खासबाग बांधणारा राजा म्हणजे शाहू महाराज. ते १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपला गेले. याच प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं, आणि असं मैदान आपल्याकडे हवं हे मनात धरलं. त्यांना कुस्तीचा नुसता शौक नव्हता. स्वतः मेहनत केलेली होती, मल्लांना खुराक आणि आश्रय संस्थानातून होता, पंजाबपासूनचे पैलवान कोल्हापुरात येऊन राहत होते. मल्ल होते, रसिक होते, पण सगळ्यांना धड दिसेल अशी जागा नव्हती. १९०७ च्या सुमारास खासबागेत काम सुरू झालं आणि १९१२ साली मैदान पुरं झालं. पहिल्या मैदानाला गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लढत झाल्याचं कोल्हापुरात सांगतात.

कलोसियमची नक्कल, असं खासबागेबद्दल सरसकट लिहिलं जातं. माझ्या मते नेमकं उलटं झालं, आणि शाहूंची हुशारी त्यातच आहे. कलोसियम ही जमिनीवर उभी केलेली इमारत आहे. इसवी सन ८० मध्ये टायटसच्या काळात ती खुली झाली. लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६, उंची ४८ मीटरच्या घरात. प्रेक्षकांना वर चढवायचं तर खाली काहीतरी हवं, म्हणून रोमन लोकांनी दगड आणि काँक्रीटच्या कमानींवर कमानी चढवल्या. तळमजल्यावर ८० कमानी, बहुतेकांवर आकडे कोरलेले, आणि तुमच्या हातातल्या बिल्ल्यावर तोच आकडा. अशा कामाला साम्राज्याची तिजोरी लागते. कोल्हापूर संस्थानाकडे ती नव्हती. तिथे जमीन खणली, निघालेली माती भोवती गोल रचली, तिला दगडी बांधाचा आधार दिला आणि उतारावर माणसं बसवली. खणलेल्या मातीचा बांध होतो तेव्हा एका फावड्यात दोन कामं होतात. जागा खाली जाते आणि माणूस वर जातो. रोमची मैदानं लंबगोल असतात, खासबाग गोल आहे. तेही बरोबरच, कारण कुस्तीला पुढची बाजू आणि मागची बाजू नसते. दोघे गडी सतत फिरत असतात आणि पाठ कुठल्या दिशेला लागेल ते कुणालाच माहीत नसतं. पंचवीस-तीस हजार माणूस इथे बसतो, आणि कुठेही बसला तरी मधला मातीचा हौदा त्याला दिसतो.

हे दिसणं नुसतं कौतुकाने बोलायचं नसतं, त्याचं गणित मांडता येतं. समजा पहिली रांग हौद्याच्या मध्यापासून १० मीटरवर पायरीवर बसली आहे. बसलेल्या माणसाचे डोळे मातीपासून साधारण १.२ मीटर उंच. डोळ्यांपासून टाळूपर्यंत १२ सेंटिमीटर. मागची रांग ८० सेंटिमीटर मागे. आता मागच्याची नजर पुढच्याच्या टाळूवरून निघून हौद्याच्या मधल्या मातीवर पडायची असेल, तर त्याची पायरी पुढच्यापेक्षा सुमारे साडेबावीस सेंटिमीटर वर हवी. तिसऱ्या रांगेसाठी तोच हिशेब केला की साडेतेवीस येतात. म्हणजे चांगल्या मैदानाचा उतार सरळ रेषेत नसतो. मागे जावं तसा तो अधिकाधिक उभा होत जातो. आणि पुढच्याने फेटा बांधला असेल तर? टाळूवर आणखी ८ सेंटिमीटर धरा, पायरी एकदम ३१ सेंटिमीटरवर जाते. परदेशी पुस्तकांतले आकडे उचलून इथे मैदान बांधणाऱ्याने फेट्याचं भान ठेवलेलं बरं, कारण आपल्याकडे कुस्तीला येणारा पाहुणा उघड्या डोक्याने बसतच नाही, आणि त्याची जागा नेमकी पहिल्या रांगेत असते.

हेच गणित मंचाला लावून पाहा. पाहायची गोष्ट पहिल्या रांगेच्या डोळ्यांच्या उंचीला आणली, तर दुसऱ्या रांगेला फक्त १३ सेंटिमीटरची चढण पुरते. गायक, नट, पुढारी यांना म्हणूनच ओट्यावर चढवून भागतं. कुस्ती आणि गाणं एकाच सपाट पटांगणात नीट का बसत नाहीत, याचं उत्तर या दोन आकड्यांमध्ये आहे.

मधला हौदा हे वेगळंच शास्त्र आहे. लाल माती चाळून घेतात, खडा राहता कामा नये. तिच्यात ताक, तेल, लिंबाचा रस, हळद, कापूर असं मुरवतात. प्रत्येक वस्तादाचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. तेलाने आणि ताकाने माती धरून राहते, उडत नाही, आणि अंगावर पडलेल्याला टोचत नाही. हळद-लिंबाचं काम खरचटलेल्या कातडीसाठी, असं जुने लोक मानतात. माती रोज उकरावी लागते. दोन दिवस तशीच राहिली की दडपते आणि तिच्यावर पाठ आपटली की बरगड्या सांगतात. मैदानाच्या दिवशी जोड लागण्याआधी दोघे गडी मूठभर माती उचलून एकमेकांच्या हातावर, खांद्यावर टाकतात. त्यामागे श्रद्धा आहेच, पण घामाने निसरड्या झालेल्या अंगावर पकड बसावी हाही हिशेब आहे.

मॅटची कुस्ती आली तसा हा सगळा संसार आखडला. आंतरराष्ट्रीय नियमांनी लढतीचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं, भोवती दीड मीटरची सुरक्षित पट्टी. बारा बाय बाराचा चौकोन, गुंडाळून ट्रकमध्ये घालून नेता येतो, कुठल्याही हॉलमध्ये अंथरता येतो. खेळाडूच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. गुण मोजले जातात, वेळ ठरलेली असते, ऑलिंपिकची वाट मॅटवरून जाते. बायकांच्या कुस्तीलाही मॅटनेच दार उघडलं. मातीच्या मैदानात स्त्रियांना प्रेक्षक म्हणूनसुद्धा जागा नव्हती, ही खासबागेच्या गोडव्यात न सांगितली जाणारी बाजू आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडलं, आणि ती सांगलीत झाली. पण पंचवीस हजार लोकांची कुस्ती मॅटवर होत नाही. सत्तरच्या दशकातल्या युवराज पाटील आणि सतपाल यांच्या खासबागेतल्या लढतीबद्दल आजही कोल्हापुरात जसं बोलतात, तसं मॅटच्या लढतीबद्दल बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

आता पाठीमागचं घर. मैदान पुरं झाल्यावर लगेच, १९१३ ला, शाहूंनी त्याला लागून नाट्यगृहाचं काम काढलं आणि १९१५ साली ते खुलं झालं. तो संगीत नाटकाच्या भरभराटीचा काळ. कोल्हापुरातच १८९० साली जन्मलेले केशवराव भोसले तेव्हा पंचविशीचे होते. आपली ललितकलादर्श मंडळी त्यांनी १९०८ साली हुबळीला काढली होती. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमानचा प्रयोग केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. पॅलेस थिएटरला त्यांचं नाव १९५७ साली मिळालं.

बांधणीतली खुबी अशी की नाट्यगृहाच्या रंगमंचाची पाठ मैदानाकडे आहे, आणि त्या बाजूला मैदानाकडे तोंड करून खुला मंच. आतला प्रयोग छपराखाली काही शे माणसांसाठी. तेच मोठ्या समुदायाला दाखवायचं असेल तर पाठीमागच्या मंचावरून, समोरच्या उतारावर बसलेल्या हजारोंसाठी. एकाच जागेला दोन तोंडं. म्हणजे शाहूंनी एका हॉलकडून सगळी कामं करून घेण्याचा हट्ट धरला नाही. कुस्तीला हवी ती खोलगट उघडी जागा दिली, नाटकाला हवी ती बंदिस्त खोली दिली, आणि मधली भिंत दोघांना मिळून दिली.

बंदिस्त खोली का हवी? कारण आवाज. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. नटाच्या गळ्यातून निघालेलं पद शेवटच्या बाकावर पोचायचं तर भिंती आणि छत यांनी ते परतवून मदत करायला हवी, पण जास्त मदत केली की घोटाळा. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात शब्दच कळेनात. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला कारण शोधायला सांगितलं. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या उचलून आणायचा, खोलीत मांडायचा, ऑर्गनच्या नळीतून सूर काढायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत. रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंद घुमत होता. बोलणारा पुढच्या वाक्यावर गेलेला असताना मागचं वाक्य अजून छतात फिरत असायचं. गाद्यांनी आवाज शोषला जातो, माणसांच्या अंगानेही शोषला जातो. यातून त्याने जो नियम काढला तो आजही वापरतात. खोलीचं आकारमान वाढलं की घुमणं वाढतं, शोषणारे पृष्ठभाग वाढले की कमी होतं. बोलण्याला साधारण एक सेकंदाचं घुमणं मानवतं, मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंद हवेसे वाटतात.

हे वाचून आमच्याकडच्या कुणालाही आपल्या तालुक्याच्या गावचं मंगल कार्यालय आठवेल. वर पत्र्याचं कमानदार छत, खाली फरशी, बाजूंना प्लास्टर केलेल्या भिंती, शोषणारं काहीच नाही. मंगलाष्टकांचा एक शब्द कळत नाही, आणि कळत नाही म्हणून साऊंडवाला आवाज वाढवतो. मग आणखी कळत नाही. बहुउद्देशीय म्हणून जे सभागृह सरकारी निधीतून बांधलं जातं, त्याची गत बहुतेक वेळा हीच. बॅडमिंटनसाठी छत उंच नेलं की आकारमान वाढतं, चेंडूने फुटू नयेत म्हणून भिंती कडक ठेवल्या की शोषण घटतं, आणि मग त्याच खोलीत २६ जानेवारीचा सांस्कृतिक कार्यक्रम ठेवतात.

उघड्या मैदानात घुमण्याचा त्रास नाही, तिथला त्रास अंतराचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून १२० मीटरवर बसलेल्याला तो एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. गायकाचे ओठ आणि ताल यांची फारकत होते. म्हणून मोठ्या कार्यक्रमांत मैदानाच्या मध्ये स्पीकरचे मनोरे उभे करतात आणि त्यांचा आवाज मोजून तितकाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढून येणारा आणि मनोऱ्यातून निघणारा सूर मागच्याच्या कानात एकदम पडतो. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, त्याआधी २०१९ च्या डिसेंबरात यू-टूचा झाला, तेव्हा हीच यंत्रणा लागली असणार.

हे स्टेडियम खासबागेचं आजचं भावंड म्हणायला हरकत नाही. ज्यांच्या नावाने ते उभं आहे ते डी. वाय. पाटीलही कोल्हापूर जिल्ह्यातल्या अंबपचेच. २००८ साली पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथे झाला, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री हरमनप्रीत कौरच्या भारतीय महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक इथेच उचलला. छताचा भार मागच्या बाजूने पेललेला आहे, त्यामुळे प्रेक्षकांच्या नजरेसमोर खांब येत नाही. पण इथेही एका हिरवळीकडून सगळं करून घ्यायचं असल्यामुळे कसरत आहेच. संगीताच्या कार्यक्रमाला गवतावर प्लास्टिकच्या फरश्या जोडून अंथरतात, मधली खेळपट्टी वेगळी जपतात, आणि कार्यक्रम उरकला की लगेच उचलतात, नाहीतर खालचं गवत पिवळं पडतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तर हॉकीचा बर्फ तसाच ठेवून त्यावर उष्णता अडवणारे तक्ते आणि त्यावर बास्केटबॉलची लाकडी जमीन घालतात. काही तासांत एक खेळ जाऊन दुसरा येतो. अशा जागा जगतात त्या या अदलाबदलीवर, कारण नुसत्या खेळाचे दिवस वर्षात पुरेसे नसतात.

मध्यम शहरांचं घोडं बहुधा एका वेगळ्याच ठिकाणी अडतं, आणि ते म्हणजे धावपट्टी. क्रीडा संकुल म्हटलं की ४०० मीटरची धावपट्टी आलीच. तिच्या सरळ बाजू ८४ मीटरच्या, वळणांची त्रिज्या साडेछत्तीस मीटर. आठ पट्ट्या धरल्या की एकूण जागा सुमारे १७७ बाय ९३ मीटर. आता एका बाजूला बांधलेल्या गॅलरीतल्या माणसापासून मैदानाचा मध्य निदान ४५-५० मीटर लांब जातो. तिथे कबड्डीचं मैदान आखा, कुस्ती लावा, गाणं ठेवा, गॅलरीतून सगळं मुंग्यांएवढं. मग गॅलरी रिकामी राहते, पटांगणात खुर्च्या टाकल्या जातात, आणि पाचव्या रांगेपासून पुढचं कुणाला काही दिसत नाही. धावपटूंना पट्टी लागतेच, तिला विरोध नाही. पण तिच्या पोटात बाकी सगळं कोंबायचं आणि त्याला बहुउद्देशीय म्हणायचं, हा कागदावरचा उद्देश झाला. आमच्या शेजारच्या अंबाजोगाईला नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह भरतो. त्यातल्या गाण्याच्या मैफलीला आणि चैत्रातल्या कुस्तीच्या फडाला एकच पटांगण पुरेल का? पुरेल, पण त्या पटांगणाला खासबागेसारखी दोन तोंडं असली तरच.

दोन घरांची पाठ एक असण्याचा धोकाही कोल्हापूरने पाहिला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. छत, रंगमंच, खुर्च्या गेल्या. मैदानाकडचा मंचही आगीत सापडला. दगडी भिंती उभ्या राहिल्या. प्रयोग नव्हता म्हणून माणसं वाचली. कोल्हापूरकर रात्रभर रस्त्यावर उभे होते, त्यांत नट होते, बॅकस्टेजचे लोक होते, पैलवान होते.

थिएटरात आगीचं मूळ घर रंगमंच असतो. पडदे, लाकडी फळ्या, रंगवलेलं कापड, दिव्यांच्या तारा, आणि वर पडदे ओढून घ्यायला ठेवलेली उंच पोकळी. एकदा पेटलं की ही पोकळी धुराड्याचं काम करते. शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ ला दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला, आग अडवायचा पडदा अर्ध्यात अडकला, दारं कुलपात किंवा आत उघडणारी होती, आणि सहाशेवर माणसं गेली, त्यांत सुटीत आलेली मुलं पुष्कळ. सार्वजनिक जागेची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत आणि अंगाने ढकलली तरी उघडली पाहिजेत, हे नियम त्यानंतर सगळीकडे कडक झाले. कोल्हापुरात आता पुनर्बांधणी चालली आहे. मूळ रूप जसंच्या तसं परत आणायचं अशी सगळ्यांची मागणी आहे, आणि ती रास्त आहे. पण मैदान आणि रंगमंच यांच्या मधल्या भिंतीत आग अडवणारी व्यवस्था १९१५ मध्ये नव्हती म्हणून आताही नसावी, असा तिचा अर्थ कुणी काढू नये.

आमच्या केज तालुक्यात असं काही करायचं म्हटलं तर खासबागेची खणाई उचलून चालणार नाही. मांजरेच्या काठची जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. त्यात बशी खणली तर आषाढात तिचं तळं होईल आणि वैशाखात बांधाला हात जाईल एवढ्या चिरा. पण तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला बालाघाटाचे माळ आहेत. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ; पाणी थांबत नाही, पीक येत नाही, आणि उतार आयता. ग्रीक लोकांनी आपली नाट्यगृहं डोंगराच्या कुशीतच काढली, रोमनांसारख्या कमानी चढवायचा खर्च त्यांनी केला नाही. माळाच्या पोटाला अर्धवर्तुळात पायऱ्या खोदायच्या, खाली लाल मातीचा हौदा, आणि हौद्यापलीकडे, लोकांकडे तोंड करून, एक दगडी ओटा. पायरी ८० सेंटिमीटर रुंद, सुरुवातीला २३ सेंटिमीटर उंच आणि मागे जावं तशी थोडी थोडी वाढणारी. फेटेवाल्या पाहुण्यांना पहिल्या रांगेऐवजी कडेला बसवलं तर एवढ्यात भागतं. उतार मात्र पूर्वेकडे उतरणारा निवडावा. कुस्त्या दुपारी तीनला सुरू होऊन दिवेलागणीपर्यंत चालतात, आणि चैत्रातलं पश्चिमेचं ऊन लोकांच्या पाठीवर असलं पाहिजे, डोळ्यांत नव्हे.